भावोजींचा पहारा

आमच्या भावोजींच्या घरी बेल वाजवली की दार लगेच उघडेल, या भ्रमात कुणी राहू नये. आधी आतून "कोण?", मग दाराच्या भिंगातून निरीक्षण, मग कडी. मी त्यांची सख्खी मेहुणी, पण मलाही सूट नाही. ताई म्हणते, "नोकरी घरी आणतात, दुसरं काय!" भावोजी एका मोठ्या रुग्णालयाचा मेल सर्व्हर सांभाळतात.

त्यांचा एक लाडका नियम होता. अनोळखी सर्व्हरकडून मेल आली की यांचा सर्व्हर सांगायचा, आत्ता नाही, जरा वेळाने या. खरं काम असेल तो पुन्हा येतो, भामटे दुसरं दार बघतात. या नियमाने निम्मा कचरा बाहेरच राहायचा आणि भावोजींची कॉलर ताठ.

त्याच रुग्णालयात आमच्या आईचं नाव दान केलेल्या बुबुळासाठी प्रतीक्षायादीत होतं. तिला सगळं धूसर दिसायचं, माणसं ती आवाजावरून ओळखायची. बुबुळ मिळालं की नेत्रपेढी डॉक्टरांना मेल करणार, आणि संध्याकाळपर्यंत होकार गेला नाही तर पुढच्या रुग्णालयाला विचारणार.

नेमका तेव्हाच नेत्रपेढीने नवा सर्व्हर घेतला. भावोजींच्या सर्व्हरने त्याला सवयीने सांगितलं, जरा वेळाने या. तो पडला मानी, पुन्हा फिरकलाच नाही. आईचं बुबुळ दुसऱ्या गावी गेलं.

कळल्यावर भावोजी येऊन आईसमोर उभे राहिले. "माझ्यामुळे गेलं," म्हणाले. मला भयंकर राग आला होता, मी तोंड उघडणारच होते.

आईने विचारलं, "वाया नाही ना गेलं? कुणाला तरी बसवलं ना?"

ते त्यांना शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

"काढून टाका तो नियम," मी म्हटलं.

"काढला तर भामटे व्हायरस पाठवून एका दुपारीत रुग्णालय बंद पाडतील. मग तिथल्या पेशंटांनी काय करायचं?"

मग ते फोन घेऊन बसले. नेत्रपेढ्या, रक्तपेढ्या, प्रयोगशाळा, एकेकीला विचारून त्यांचे सर्व्हर ओळखीचे करून घेतले. त्यांना दारात थांबवायचं नाही, मेलसोबतच्या फायली मात्र सगळ्यांच्या तपासायच्या. शिवाय परत पाठवलेल्या मेलांच्या नोंदी रोज स्वतः चाळायला लागले. जेवायला बसले तरी लक्ष मोबाइलवर.

काही महिन्यांनी नेत्रपेढीची मेल पुन्हा आली आणि सरळ डॉक्टरांपर्यंत पोचली. ऑपरेशन झालं.

पट्टी काढली तेव्हा ताई आणि मी पुढे, भावोजी पार मागे. आईने आम्हा दोघींना डोळे भरून पाहिलं. मग तिची नजर मागे गेली. जावयाचा चेहरा तिने कित्येक वर्षांत नीट पाहिला नव्हता.

"जावईबापू, किती वाळलात हो. माझ्यापायी ना?"

ताईने भावोजींना हाताला धरून पुढे आणलं, तेव्हा आईने त्यांच्या गालावरून हात फिरवला.