पोटातलं पाणी

बारकी माझ्याबरोबर शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. वय चोपन्न, अंगानं चांगली भरलेली, पण थोरल्या भावानं लहानपणी ठेवलेलं हे नाव तिला जन्माचं चिकटलं. भाऊ शिलाई मशिनं दुरुस्त करायचा. गणवेशाच्या एका कारखान्यात चाळीसेक मशिनं होती, ती सगळी त्याच्या हाताखालची. खिशात कायम तेलाची कुपी, म्हणून तिथल्या बाया त्याला तेलवाले काका म्हणत. बायको दहा वर्षांपूर्वी गेली, मूलबाळ नव्हतं. जवळचं माणूस म्हणजे ही बहीण, ती त्याला दादा म्हणायची.

गेल्या वर्षी त्याला आतड्याचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, तरी तो यकृतापर्यंत गेलाच. मग पोटात पाणी साठायला लागलं. पहिल्यांदा पाणी काढलं तेव्हा पाच बाटल्या भरल्या आणि दुसऱ्याच दिवशी हा गडी कारखान्यात मशीन खोलून बसला. भेटेल त्याला सांगायचा, नळ सोडल्यासारखं आलं म्हणून. पुढच्या खेपेला पाणी तीन आठवड्यांत भरलं, त्याच्या पुढच्या खेपेला दहा दिवसांत. चौथ्या वेळी सहावा दिवस उजाडेपर्यंत त्याला धड श्वासही पुरेना.

त्या सकाळी त्यानं बारकीला आपली तपकिरी पँट पिशवीत टाकायला लावली. पोट फुगल्यापासून पँट बसत नव्हती आणि नाडीच्या पायजम्याला तो कंटाळला होता. जाताना पायजमा, येताना पँट, असा त्याचा हिशेब होता. बारकीनं पट्टाही टाकला.

इस्पितळात आठला उपाशीपोटी बोलावलं होतं. अकरा वाजले तरी नाव पुकारलं नाही. तिथल्या खुर्च्या एका लोखंडी दांड्यावर ओळीनं बसवलेल्या, एक माणूस उठला की सगळी रांग हलायची आणि दरवेळी दादा पोट धरायचा. समोरून एक स्ट्रेचर कुरकुरत गेलं. बेअरिंग गेलंय, तो म्हणाला, आणि ते वळणापर्यंत जाईस्तोवर त्याच्याकडे बघत राहिला. बारकीला वाटलं, आज बरा आहे. शेजारच्या बाईनं कुठला आजार म्हणून विचारलं, तर म्हणाला, सातवा महिना लागलाय. ती बाई हसावं की नको या विचारात पडली.

दीडला आत घेतलं. ओळखीची नर्स होती. तिनं पलंगाची डोक्याकडची बाजू वर केली, सदरा वर सरकवला, चार रिकाम्या बाटल्या पलंगाखाली मांडल्या. डॉक्टरीणबाई नवीन होत्या, वयानं लहान. दहा मिनिटांचं काम आहे काका, मग नुसतं पडून राहायचं, असं त्या म्हणाल्या. त्यालाही ते पाठ होतं. त्यांनी भुलीचं इंजेक्शन दिलं आणि सुई घातली. नळीत थोडं लालसर पाणी आलं, चहाचा कप अर्धा भरेल एवढं, आणि थांबलं.

त्यांनी सुई जराशी फिरवली. त्याला कुशीवर वळवलं. मग दुसऱ्या बाजूला पुन्हा टोचलं. काहीच आलं नाही. दादानं पलंगाची कड इतकी घट्ट धरली होती, की बारकीला त्याची बोटं सोडवून आपल्या हातात घ्यावी लागली. शेवटी सोनोग्राफीचं मशीन आणलं. पोटावर गार जेली लावून डॉक्टरीणबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या. पडदा बारकीलाही दिसत होता, पण तिला त्यातलं काही कळेना. नर्सनं मात्र वाकून पलंगाखालच्या बाटल्या एकेक करून उचलल्या. तेवढं बारकीला कळलं.

डॉक्टरीणबाईंनी सुई काढली, पट्टी लावली आणि बारकीला जरा बाहेर या म्हणाल्या. दादानं मान वळवली.

"इथंच सांगा," तो म्हणाला. "मशीन संपलं की मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो. दुरुस्तीचं काम आहे की भंगाराचं?"

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. स्टूल ओढून त्याच्या उशाशी बसल्या.

"दुरुस्तीचं नाही, काका. आता आत मोकळं पाणी फारसं नाहीये. गाठीच वाढल्यात. सुईनं काढण्यासारखं काही राहिलं नाही."

"मग हे पोट असंच?"

"असंच. दुखणं कमी ठेवायचं औषध देते."

किती दिवस, हे त्यानं विचारलं नाही. बारकीनं नंतर डॉक्टरीणबाईंना जिन्यात गाठून विचारलं. दिवसांचं सांगता येत नाही, पण महिन्यांचं धरू नका, एवढंच उत्तर मिळालं. परत आली तर दादा पलंगावर पाय सोडून बसलेला. तिनं सवयीनं पिशवीतून पँट काढली. काढल्यावर चूक लक्षात आली. त्यानं ती तिच्या हातून घेतली, घडी मोडून पुन्हा नीट घडी घातली आणि परत पिशवीत ठेवायला दिली. तेव्हा आपण ओरडलो असतो, रडलो असतो, तर बरं झालं असतं असं बारकी म्हणते. पण नर्ससमोर तिला रडूही फुटेना.

टॅक्सीत तो डोळे मिटून होता. घरी पलंगावर टेकवलं तर धाप लागली, म्हणून खुर्चीतच उशा लावून दिल्या. बारकीनं आपल्या घरी फोन करून आज इकडेच राहते म्हणून कळवलं. फोन ठेवला तसा तो म्हणाला,

"बारके, मी घाबरलोय."

एवढ्या वर्षांत हा शब्द तिनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. बायकोला पोचवून आला तेव्हाही नाही.

"आणि मी काय केलं?" ती मला सांगत होती, परीक्षानळ्या धुता धुता. "मी म्हटलं, चहा टाकते. उठले आणि आत गेले. दुधाकडे बघत उभी राहिले, उतू जाईपर्यंत. बाहेर आले तर तो खिडकीकडे तोंड करून बसला होता. पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही, आणि मीही नाही."

त्यानंतर तो अकरा दिवस होता. औषधानं दुखणं कमी झालं, पण आडवं होणं जमलंच नाही. खाणं सुटलं, मग बोलणं. बाराव्या दिवशी दुपारी बारकी त्याचं तोंड पुसायला ओला रुमाल घेऊन आली, तेव्हा तो गेलेला होता. खुर्चीतच, बसल्या बसल्या.