आलियाच्या पायांचा अहवाल

कर्जतच्या एसटी स्टँडवर मला निरोप द्यायला आलेली आलिया स्वतःच्या पायांवर उभी होती. चार वर्षांची पोर. मांडीपासून घोट्यापर्यंत लोखंडी कॅलिपर, एक हात बाकड्याला आणि दुसरा मला टाटा करायला. आपा, तू तुझ्या लेकीला धरलं नव्हतंस. मला दिसावं म्हणून मुद्दामच धरलं नव्हतंस. अम्मी माझ्या पिशवीत शेंगदाण्याच्या चटणीची दुसरी पुडी कोंबत होती. अब्बा कंडक्टरला बजावत होते, पोरगी विमानानं परदेशात चालली आहे, नगरला नीट उतरवा. सगळी गाडी माझ्याकडे बघायला लागली. मी लाजले, आणि आतून फुगलेही.

फुगायला कारण होतं. आलियाला उभं करणारं केंद्र ज्या देशाच्या मदतीवर चालायचं, त्याच देशात मी निघाले होते. केंद्र म्हणजे दोनच खोल्या. आठवड्यातून तीनदा नगरहून एक ताई यायच्या, पोरांचे आखडलेले पाय ताणून द्यायच्या, आयांना शिकवायच्या. मूल वाढतं, लोखंड वाढत नाही, म्हणून दर सहा महिन्यांनी नवीन माप घेतलं जायचं. तिथं परदेशी पाहुणे आले की मी दुभाषी. त्यातून शिष्यवृत्ती मिळाली, तिकडे वर्षभर शिकले, आणि त्यांच्याच मदत खात्यात नोकरीला लागले.

श्रीमंत देश आपल्या मदतीची परीक्षा एकमेकांकडून करून घेतात, हे मला तिथं कळलं. जावांनी एकमेकींच्या भाजीतलं मीठ बघावं तसं. दुसऱ्या दोन देशांचे अधिकारी येतात, फायली उघडतात, विचारतात: तुमची मदत कुठं जाते, तिचा उपयोग होतो का, घेणाऱ्याला तुम्ही कधी विचारता का? आमच्या खात्याला त्यांनी तीन गोष्टी सुनावल्या. तुम्ही चिमूट चिमूट सगळीकडे टाकता, थोडी कामं धरा आणि नीट करा. जिथं लोक स्वतः उभे राहिले असतील, तिथून बाजूला व्हा. आणि बाजूला होण्याआधी त्या लोकांना विचारा. यातलं एकही वाक्य चुकीचं नाही. मी अजून चूक शोधते आहे.

विचारायच्या कामांच्या यादीत कर्जत होतं. आमच्या खात्याचा नियम स्वच्छ होता: तिथं तुमचं कुणी नात्यातलं असेल तर आधी सांगा आणि त्या चौकशीतून दूर राहा. मी सांगितलं नाही. घरी जायला मिळणार होतं, हे एक. आणि दुसरं म्हणजे आपल्याकडचं जुनं गणित: आपलं माणूस आत असलं की काम होतं. मी सोबत असताना केंद्राला कोण हात लावणार, असं मला वाटलं. तुलाही मी फोनवर बजावलं होतं, ओळख दाखवू नकोस.

आम्ही चौकशीला आलो तेव्हा तू अंगण झाडून सतरंजी अंथरली होतीस. आलियाला ईदचा फ्रॉक घातला होतास. माझ्या वरिष्ठ बाईंनी माझ्याकरवी विचारलं, "केंद्र बंद झालं तर तुमचं कसं चालेल?"

तू आधी माझ्याकडे पाहिलंस, मग पाहुण्यांकडे.

"चालंल की. आमी हाये ना समदे. अल्लाच्या मेहरबानीनं काय कमी न्हाई. तुमी लई केलं आमच्यासाठी. आधी च्या घ्या."

दारात उभी राहून अम्मी मान डोलवत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे तिनं आपल्याला भाकरीबरोबर खाऊ घातलं होतं. उंबऱ्यापाशी आलेल्या पाहुण्यापुढे रडगाणं गायचं नाही. त्या दिवशी बाकीच्या आयाही तेच बोलल्या. एक तर म्हणाली, "आता आमचं आमी बघू की."

मी शब्दन् शब्द भाषांतर केलं. चोख. बाईंचे डोळे भरून आले, आणि त्यांनी वहीत लिहिलं की इथले लोक स्वाभिमानी आहेत, स्वतःच्या बळावर उभे आहेत. मला एकच वाक्य जोडायचं होतं: पाहुण्यापुढे आमच्याकडे असंच बोलतात, हे खरं धरू नका. पण त्यावर त्यांनी विचारलं असतं, तुला या बाईबद्दल इतकं कसं माहीत? मी तुझा चहा प्यायले आणि गप्प बसले.

केंद्र स्थानिकांच्या हाती सोपवलं गेलं, म्हणजे कुणाच्याच नाही. ताई यायच्या थांबल्या. पुढच्या परीक्षेत आमच्या खात्याचं कौतुक झालं, की हे आता लोकांचं ऐकतात. ऑफिसात केक कापला. मीही खाल्ला, आपा.

नंतर मी बाईंना सगळं सांगितलं. त्या भल्या आहेत. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग म्हणाल्या, निर्णय होऊन गेला, आणि तुझी साक्ष आता बहिणीची साक्ष आहे. त्यांनी मला काढूनही टाकलं नाही. काढलं असतं तर जरा बरं वाटलं असतं.

गेल्या महिन्यात न कळवता घरी आले. आठ वर्षांची आलिया शहाबादी फरशीवर ढुंगणावर सरकत येत होती. गुडघे दुमडलेले, तसेच घट्ट झालेले. मला बघताच तू धावलीस, तिला उचलून खुर्चीत बसवलंस, पायांवर ओढणी टाकलीस. मग फडताळातून काचेच्या कपबशा काढल्यास.

"ब्येस हाय बघ," तू हसत म्हणालीस. "जरा आळशी झालीय. चालायचा कटाळा करती."

आणि आलिया तुझ्याकडे एकदा बघून मला म्हणाली, "व्हय खाला. कटाळाच येतो मला."

आठ वर्षांच्या पोरीला कळलं होतं की माझ्यापुढे काय बोलायचं असतं.

माझ्यासारखे जे बाहेर पडलेत, त्यांना एवढंच सांगते. गावी गेल्यावर तुमच्याशी सगळे फार गोड बोलायला लागले, तर घाबरा. मी त्या दिवशी चहा घेतला, खुशाली विचारली, आणि संध्याकाळच्या गाडीनं निघाले. तूही मला राहा म्हणाली नाहीस.

आपा, मला पाहुणी करू नकोस गं. मी पुन्हा येईन तेव्हा दारातच मला अडव. सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ओरड, की तुला माहीत होतं, तुझ्या तोंडात जीभ होती, तू माझ्या लेकीचे पाय घालवलेस. आलियालाही ओरडू दे. त्या दिवशी मी घरी आले असं समजेन.