मीटरवालीचा नकाशा

विजेचं मीटर वाचायला येणाऱ्या बाईवर कोणाची माया नसते. बिल वाढलं तर तिनं वाढवलं, वीज तोडली तर तिनं तोडली. हे ऐकून ऐकून तिची कातडी निबर झाली होती. पण सुट्टीच्या दिवशी ती मोबाइल घेऊन नदीकाठच्या वस्तीत फिरायला लागली, तेव्हा लोकांनी जे रूप दाखवलं, ते तिनं नोकरीतही कधी पाहिलं नव्हतं.

झालं होतं असं, की आदल्या पुरात मदतीच्या बोटी वस्तीच्या तोंडाशीच अडकल्या. आत पत्र्याच्या घरांची एवढी दाटी, की कुठली गल्ली कुठे निघते ते बोटवाल्यांना कळेना. एक म्हातारं जोडपं हाका मारत मारत बुडालं. त्यानंतर एका स्वयंसेवी गटानं आवाहन केलं : संकटात मदत पथकांना वाट सापडावी म्हणून सगळ्यांना खुला असा नकाशा करतोय, जमेल त्यानं हातभार लावा. आकाशातून काढलेल्या फोटोत नुसते पत्रे दिसत. दार कुठं, जिना कुठं, हे पायी फिरूनच कळणार होतं. तिनं नाव दिलं.

पहिल्याच दिवशी एका रिक्षावाल्यानं तिच्या अंगावर कुत्रा सोडला. कुत्रा मीटर वाचायच्या फेऱ्यांमुळे ओळखीचा झालेला, तिच्या पायाशी लोळला. "भीक नको पण कुत्रं आवर म्हणतात. इथं कुत्रंच बरं होतं," असं घरी सांगून ती हसली. नवरा हसला नाही.

"माझी बहीण राहते तिथं," तो म्हणाला. "लोक तिला टोचून बोलतील. तुला कशाला नसती उठाठेव?"

बहीण म्हणजे हिची धाकटी नणंद. घरी कपडे आणून इस्त्री करून द्यायची. ही तिच्या दाराशी पोचली, तेव्हा ती गरम इस्त्री हातात घेऊनच बाहेर आली.

"माझं घर त्यात घालायचं नाही, वहिनी."

"अगं, पाणी चढलं तर बोट कशी येणार?"

"पाणी चढतं तसं उतरतं. नगरपालिका एकदा आत शिरली की उतरत नाही. आमच्याकडे जागेचा कागद नाही, हे तुला ठाऊक आहे."

"हा नगरपालिकेचा नकाशा नाही. सगळ्यांना खुला आहे."

"सगळ्यांना खुला म्हणालीस ना? मग त्यांना काय डोळे नाहीत?"

कोंडीत सापडलं की हिला राग यायचा. "घरात तान्हं मूल आहे तुझ्या. तुला अक्कल नसेल, मला आहे," असं ती बोलून गेली. दार तोंडावर आपटलं गेलं. संध्याकाळी तिनं नणंदेचं घर नकाशावर घातलं, मागच्या जिन्यासकट. काळजीपोटी की सूड म्हणून, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पुढच्या वर्षी धरणाचे दरवाजे उघडले आणि वस्ती पुन्हा पाण्याखाली गेली. या खेपेला बोटी गल्लीबोळांतून सरळ आत गेल्या. एकही माणूस दगावलं नाही. नणंद, तिचा नवरा आणि मूल मागच्या जिन्यावरून बोटीत उतरले. लोकांना शाळेत ठेवलं होतं, तिथं ही कोरडे कपडे घेऊन गेली. नणंदेनं कपडे घेतले.

"आभार मानेन असं वाटत असेल तर घरी जा," ती म्हणाली.

पाणी ओसरल्यावर नगरपालिकेची माणसं आली. त्यांच्या हातात तोच नकाशा होता. नदीच्या कडेनं त्यावर लाल रेघ मारलेली, रेघेच्या आतली सगळी घरं पाडायची. मीटरवाली तडक कचेरीत गेली. "हा मदतीसाठी केलाय," तिनं साहेबाला सुनावलं.

"ही मदतच आहे, बाई," साहेब शांतपणे म्हणाला. "लोक परत बुडायला हवेत का?"

त्याचं बोलणं अगदीच खोटं नव्हतं, म्हणून ते जास्त झोंबलं.

सोमवारी ती मीटर वाचायला गेली, तेव्हा बायकांनी तिला सार्वजनिक नळापाशी घेरलं. "हिनंच आमची दारं दाखवून दिली," एकजण ओरडली. कोणीतरी मोबाइल हिसकून दगडावर आपटला, कोणीतरी तिला चिखलात ढकललं. नणंद बादली भरत होती. तिनं मान वर करून पाहिलं आणि भरलेली बादली उचलून ती निघून गेली.

घरं पडली. ज्यांच्याकडे कागद होते त्यांना गावाबाहेर खोल्या मिळाल्या. नणंदेकडे नव्हते. ती नवरा, मूल आणि इस्त्री घेऊन भावाच्या दोन खोल्यांत आली. घरात आता दोन बायका एकमेकींशी भांड्यांच्या आवाजात बोलायच्या.

मीटरवालीनं नवा मोबाइल घेतला. वस्तीत पाय ठेवायची सोय उरली नव्हती, म्हणून दूरच्या एका भूकंपग्रस्त मुलखातली घरं ती आकाशातल्या फोटोवरून आखायला लागली. एकदा दुपारी इस्त्री करता करता नणंदेनं विचारलं, "आता कोणाची घरं?"

"लांबची आहेत. भूकंप झालाय तिथं."

"त्यांना विचारलंस?"

"नाही."

"मग?"

"ढिगाऱ्याखाली माणसं आहेत. कोणाला विचारू?"

"आम्ही होतो की जिवंत," नणंद म्हणाली. "आम्ही नाही म्हणालो होतो."

तिनं कपड्यांचा गठ्ठा उचलला आणि मधलं दार लावून घेतलं. मीटरवालीनं पुढचं घर आखायला घेतलं.