संकष्टीच्या दिवशी इंग्रजी चहा

महेशचा फोन आला तेव्हा मी अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसले होते. महेश माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. “मावशी, आई गेली. दुपारी जेवून आडवी झाली ती उठलीच नाही,” एवढंच तो बोलू शकला. मी फोन खाली ठेवला आणि उरलेल्या शेंगा सोलल्या. एकही न सोडता सगळ्या सोलल्या, मगच उठले. माझा स्वभाव हा असा आहे, आणि त्याबद्दलच आज लिहायचं आहे.

तिचं नाव विमल. आमच्या घराण्याला बेंगळुरूत येऊन चार पिढ्या झाल्या, त्यामुळे आमच्यात ताई नसते, अक्का असते. चिकपेठेत अक्काचं आणि भावोजींचं साड्यांना फॉल-पिको करून देण्याचं चिंचोळं दुकान होतं. दुकानात स्टूल एकच, तेही गिऱ्हाइकासाठी. गिऱ्हाईक उभं असताना आपण बसायचं नाही, हा भावोजींचा नियम. ते गेल्यावरही अक्काने तो मोडला नाही. पायांच्या शिरा फुगून निळ्या झाल्या तरी बाई उभीच. माझं बरं होतं, मी सरकारी कचेरीत टंकलेखनाच्या खुर्चीवर बसून निवृत्त झाले.

महिन्यातून एकदा माल आणायला जाताना अक्काची बस एका जुन्या, मोठ्या हॉटेलवरून जायची. हिरवळीवर पांढऱ्या वेताच्या खुर्च्या मांडलेल्या, बायका तासन् तास चहा पीत बसलेल्या. घरी आली की अक्का मला सांगायची, “एकदा तिथं जाऊ या गं. कुणी ऊठ म्हणत नाही बघ त्यांना.” आणि दर वेळी मी तिला फटकारायचे. चहाच प्यायचा ना? कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलात उभ्याने पी, वाफाळता मिळतो. तिथे किटलीत कोमट पाणी, कडा कापून टाकलेला पाव आणि मांडीवर इस्त्रीचा रुमाल. गोरे गेले आणि आपण त्यांच्या खुर्च्या पुसत बसलो! माझी ही वाक्यं ठरलेली होती. अक्का हसायची आणि “सरी, सरी”, म्हणजे बरं बरं, म्हणत विषय सोडून द्यायची. अशी बरीच वर्षं गेली...

गेल्या वर्षी डॉक्टरांनी सांगितलं, हृदय फार दुबळं झालंय, जिना चढू नका, दुकान बंद करा. तेव्हा कुठे मला जाग आली. फोन करून मी त्या हॉटेलात टेबल राखून ठेवलं. पण हे काम मी एकदाचं उरकून टाकायचं म्हणून केलं, हेही कबूल करते. उपासतापास मी कधीच सोडलेत, त्यामुळे तारीख ठरवताना कॅलेंडरवरचा गणपती बघायचं मला सुचलंच नाही.

अक्का जांभळी इरकल नेसून आली. खुर्चीत अलगद बसली, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि खूप वेळ नुसती झाडांकडे बघत राहिली. मग तीन मजली स्टँड आला. खाली काकडीचे सँडविच, मधे स्कोन म्हणजे गरम, खुसखुशीत छोटे पाव, वर इवलेसे केक. मी तिच्या ताटलीत वाढायला लागले तर तिने हात धरला. “मला नको गं, चहा घेते फक्त. आज संकष्टी आहे.”

माझं डोकंच फिरलं. “सकाळी सांगायला काय झालं होतं? दुसरा दिवस घेतला असता!”

ती शांतपणे म्हणाली, “आज नको म्हटलं असतं तर तू परत कधी आणलं असतंस?”

वाया कशाला घालवायचं म्हणून मी एकटीच खायला लागले. क्रीम आणि जॅम लावलेला तो गरम स्कोन जिभेवर विरघळत होता. अक्का माझ्या तोंडाकडे बघत होती. “कसं लागतंय?” तिने विचारलं. “पाव आहे पाव. विशेष काही नाही,” मी म्हणाले. चक्क खोटं बोलले. इतक्या वर्षांची माझी वाक्यं खोटी पडू नयेत म्हणून.

थोड्या वेळाने बघते तर अक्काने दोन स्कोन हातरुमालात बांधून पर्समध्ये ठेवलेले. चंद्रोदयानंतर खायचे म्हणून. मी दबक्या आवाजात तिच्यावर खेकसले, “अक्का, ठेव ते परत! लोक बघतायत. इथे असं नेत नाहीत.” खरं तर कुणीसुद्धा बघत नव्हतं, वाढपी तर पार पलीकडच्या टेबलाशी होता. अक्काने रुमालाची गाठ सोडली आणि दोन्ही स्कोन एकेक करून स्टँडवर ठेवले. तेही नीट, होते तसे. परतताना रिक्षात एकच वाक्य बोलली, “चहा छान होता हां.” त्यानंतर वीस दिवसांनी ती गेली.

दहाव्याला आम्ही श्रीरंगपट्टणला नदीकाठी गेलो. पिंड ठेवले. समोरच्या झाडावर चांगले सहा-सात कावळे, पण एकही खाली येईना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. महेशने हात जोडले, “आई, दुकान विकणार नाही.” कावळा हलला नाही. सून म्हणाली, “तुमचे सणवार मी चालवीन.” तरी नाही. ऊन डोक्यावर आलं. एकेक जण पुढे होऊन आठवेल ते कबूल करत होता. मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त, पण सगळ्या नातेवाइकांसमोर, ओल्या वाळूत उभं राहून, हॉटेलातल्या स्कोनचं नाव घ्यायची मला लाज वाटली... हसतील, म्हणतील बाईचा जीव कशात अडकला बघा. मी पदर तोंडाला लावून उभी राहिले. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला शिवला आणि सगळे सुटकेचा निःश्वास टाकून उठले.

वाळू तुडवत परतताना महेशने मला गाठलं. त्याचे डोळे सुजले होते. “मावशी, तुला तरी माहीत होतं का गं, आईच्या मनात काय राहिलं होतं ते?”

“नाही रे,” मी म्हणाले, आणि चपला शोधायला लागले.