चपलांच्या गोष्टीत राहिलेलं पात्र

नलिनी घाडीगावकरची गोष्ट संपल्याचं दहिसरच्या त्यांच्या इमारतीत कुणालाच आठवत नव्हतं. तिच्या गोष्टीत माणूस आला की आधी त्याचं गाव येतं, मग वाडी, मग त्याचं आजोळ, आणि तिथे आपली काही सोयरीक निघते का याचा तपास. तिसऱ्या मजल्यावरच्या परबांचा पाय मोडला हे सांगायला ती बसली की अर्ध्या तासाने आपण कणकवलीत असतो आणि परब अजून धडधाकट असतात.

दुसरं कारण म्हणजे तिचा नवरा बाळा. टेलिफोन खात्यात तीस वर्षं खांबांवर चढलेला हा गडी निवृत्त झाल्यापासून बायकोच्या गोष्टींवर टपून असायचा. ती रंगात आली की पेपरातून डोकं वर काढून हा शेवट सांगून मोकळा. लोक हसायचे, टाळी द्यायचे, ती त्याला. चूल नलिनीने पेटवायची आणि पानावर याने बसायचं. मरायच्या आधी एक तरी गोष्ट आपल्याच तोंडाने शेवटापर्यंत न्यायची, असं तिने साठीला आल्यावर मनाशी ठरवलं होतं. ही इच्छा कुणी ऐकली असती तर हसला असता. तिला मात्र तिचा ध्यासच लागला होता.

म्हणूनच बी विंगमधल्या गंधालीने सोसायटीच्या वाचनालयात रविवारचा कथाकथनाचा वर्ग काढला, तेव्हा वहीत पहिलं नाव नलिनीचं पडलं. गंधालीने फळ्यावर लिहिलं: पात्र, स्थळ, काळ, संघर्ष, शेवट. नलिनीने ते मालवणी मसाल्याच्या यादीसारखं उतरवून घेतलं, आणि प्रत्येकी किती घ्यायचं ते विचारलं.

"काकू, आधी गावं कमी करा," गंधाली म्हणाली.

नलिनीने परबांच्या पायाची गोष्ट गावांशिवाय सांगून पाहिली. ती चार मिनिटांत संपली, पण तिला ती आपली गोष्ट वाटेचना. चष्मा घरी विसरून बाजारात आल्यासारखं तिला वाटत राहिलं.

तिसऱ्या रविवारी गंधाली म्हणाली, "पात्राला काहीतरी हवं असतं, अगदी जिवापासून. ते सहज मिळत नाही. मग ते काय करतं, ती गोष्ट. ज्याला काहीच नको तो गोष्टीत नुसता पाहुणा. आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून 'मग?' निघालं पाहिजे. नाही निघालं तर वाट लागली समजा."

नलिनीचं पेन थांबलं. तिला बाळाची हुकमी गोष्ट आठवली. सगळ्या इमारतीला ती पाठ होती. शहाऐंशी साली बाळा तिला बघायला घाटकोपरच्या चाळीत गेला. पोहे खाऊन उठला, तर दाराबाहेरच्या नव्याकोऱ्या चामड्याच्या चपला गायब. शोधाशोधीत दोन तास गेले, तेवढ्यात दोघांचं बोलणं झालं आणि लग्न जमलं. शेवटी बाळा छताकडे बघून हात जोडायचा, "त्या चोराचं भलं होवो." आता या गोष्टीत बाळाला हवं काय होतं? काहीच नाही. फार तर अजून थोडे पोहे.

त्या दिवशी ती घरी आली ती थेट वही उघडून बसली. "बरा नाय काय गो?" बाळाने विचारलं.

"अभ्यास आहे," ती म्हणाली.

माघी गणपतीत वर्गाचा कार्यक्रम ठरला. हॉल भरला. बाळा पहिल्या रांगेत. नलिनीने माइक हातात घेतला आणि म्हणाली, "चपलांची गोष्ट सांगते." बाळा खुर्चीत सरसावून बसला.

तिने एकही गाव न घेता गोष्ट पोहे, दार, गायब चपला, शोधाशोध अशी नेली. दोन तासांपाशी आली मात्र, बाळा उठून उभा राहिला, हात जोडले आणि आपलं वाक्य ठोकून दिलं. हॉल हसला. गंधालीने कपाळाला हात लावला.

नलिनीने हसणं ओसरू दिलं. "संपली नाही अजून," ती म्हणाली. "एक पात्र राहिलंय. पडद्याआड एक मुलगी उभी होती. पोहे खारट झाले होते. पाहुणा चेहरा न बदलता ते संपवत होता, कारण समोर तिची आई बसली होती. मुलीला हाच हवा होता. तेवढ्यात त्याचे मामा कानाशी कुजबुजले, पडद्यापर्यंत पोचेल असं, 'बाळा, आटप. पाचला भांडुपची मुलगी बघायची आहे.' तेव्हा ती मुलगी बालदी घेऊन नळावर निघाली. घरातून निघाली तेव्हा बालदी रिकामी होती. उंबरा ओलांडल्यावर तिच्यात चपला होत्या."

बाळाचे जोडलेले हात तसेच राहिले. जवळजवळ चाळीस वर्षं तो ज्याला आशीर्वाद देत आला होता, तो चोर रोज त्याला चहा देत होता. बसायचं विसरून तो तिच्याकडे बघत राहिला. शेवट त्याला ठाऊक नव्हता.

"मगे?" त्याने हळूच विचारलं.

नलिनीने माइक तोंडाजवळ नेला.

"मग काय," ती म्हणाली, "चोराचं भलं झालं." आणि तिने माइक खाली ठेवला.