वंशावळीतलं एक नाव

परत आलेल्या पुस्तकांतल्या पेन्सिलच्या खुणा खोडणं हे वाचनालयातलं माझं रोजचं काम. आज मुलांच्या एका कादंबरीत, नायिकेच्या घराण्याची वंशावळ छापलेल्या पानावर, तिच्या नावाशेजारी ‘सुमन’ असं लिहिलेलं दिसलं. पुस्तक परत करायला आलेली, अनाथाश्रमातली सुमन समोरच उभी होती.

“पुस्तकात कशाला लिहिलंस गं?” मी दरडावलं.

“बाई, तिला बहीण नव्हती.”

मला माझं घराणं न मागता मिळालं, आणि पणजोबांचं नाव विचारलं तर मी अडखळते. हिच्यापाशी पणजोबा तर सोडाच, आईचंही नाव नाही. तरी हिला आधी दिसलं ते दुसरीचं एकटेपण.

खोडरबर हातातच राहिलं. पेन्सिल पुसट होत जाते, म्हणून ते नाव मी शाईने गिरवलं.