आधी आवाज, मग गोळी

मी नोकरी करते त्या बीडच्या शाळेत मधली सुट्टी चालू होती, तेव्हा अनोळखी नंबरवरून फोन आला. "ताई, तुमचे भानुदासमामा गेले." मी लगेच विश्वास ठेवला नाही. "कोण बोलतंय? आमच्या दारासमोर कोणतं झाड हाय ते आधी सांगा," असं विचारून बसले. पलीकडचा माणूस म्हणाला, "ताई, कडुनिंब हाय. त्याच्याखालीच माणसं जमलीत." फोन मामांच्या शेजाऱ्याचा होता. अनोळखी फोनवर असा खुणेचा प्रश्न विचारायची सवय मला मामांनीच लावली होती. त्यांच्या मरणाची बातमीसुद्धा मी त्यांच्याच पद्धतीने तपासून घेतली. आता महिना होत आला, पण माणसं जमल्याचं ते वाक्य कानातून जात नाही.

आईवडील ऊसतोडीला जायचे, म्हणून मी आष्टीला मामांकडे वाढले. आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेली मी पहिली, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त श्रेय मामांच्या घरच्या भाकरीचं आहे. मामा फौजेतून निवृत्त झालेले, उंच, सडपातळ, आणि कमालीचे संशयी. दूध आलं की वास घ्यायचे, कुलूप लावलं की ओढून बघायचे, चार पावलं गेल्यावर परत येऊन पुन्हा ओढायचे. मामी पाहुण्यांसमोर सांगायची, "लग्नात अंतरपाट धरला व्हता, तर ह्यांनी खालून वाकून माझे पाय बघितले. पोरगी बदलली तर न्हाई ना म्हणून!" मामा जराही न हसता म्हणायचे, "मग? बदलतेत लोक."

हाच स्वभाव त्यांनी नेमबाजीत आणला होता. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खडीच्या खाणीत त्यांच्या छोट्या क्लबला सरावाची रीतसर परवानगी होती. रायफल साधी, पॉइंट टू-टू बोअरची, आणि गोळी आवाजापेक्षा हळू जाणारी. वेगवान गोळी आवाजाच्या पुढे धावते, पण लांब जाताना दमून आवाजाच्या वेगाखाली येते आणि त्या वेळी डगमगते. हळू गोळीला तो धक्का बसत नाही, आणि तिचा आवाजही कमी. मात्र दोनशे मीटर जाईपर्यंत ती माणसाच्या उंचीहून जास्त खाली उतरते आणि वारा तिला सारखा ढकलत राहतो. मामांना तीच आवडायची. "ही लबाडी करत न्हाई. पडायची तेवढी पडती," म्हणायचे. गावात चहाच्या टपरीवर मात्र कुजबुज असायची, कमी आवाजाची गोळी ह्या माणसाला लागतेच कशाला? मामांच्या कानावर ते गेलं, तर ते खूषच झाले. "इचारायलाच पायजे लोकांनी," म्हणाले.

माझा नेम चुकला तर ते काही बोलत नसत. पण गोळी मधोमध लागली की उलटतपासणी सुरू व्हायची. "सुमे, मधी गेली ना? कावून गेली ते सांग." कारण सांगता आलं नाही, तर ती गोळी ते धरत नसत. एक नियम तर पक्का होता. वारा कळावा म्हणून निशाणाजवळ रोवलेला झेंडा फडफडत असला तर थांबायचं, झेंडा पडला की मगच ट्रिगर दाबायचा. अंदाजाने नेम बाजूला धरणं म्हणजे त्यांच्या मते जुगार.

बारावीनंतर आसपासच्या क्लबांची दोनशे मीटरची स्पर्धा आमच्या खाणीत झाली. सगळ्यांनी हळू गोळीच वापरायची अशी अट होती. पहिल्या येणाऱ्याला बीडच्या एका निवासी शाळेत मदतनीस प्रशिक्षकाचं काम आणि राहायची सोय मिळणार होती. ते मिळालं तरच माझं कॉलेज होणार होतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मामा निशाणाजवळच्या खंदकात, म्हणजे बटात, कागद वर-खाली करायला होते. दुसऱ्या क्लबचे एक गृहस्थ सकाळीच म्हणाले होते, "मामा बटात, भाची लायनीवर. निकाल आत्ताच सांगून टाका की!" शेवटच्या गोळीपर्यंत मी बरोबरीत होते. वारा डावीकडून येत होता आणि झेंडा काही पडेना. वेळ संपत आली. मी नेम डावीकडे सरकवला आणि ट्रिगर दाबला. गोळी मधोमध गेली.

तेवढ्यात बटातून लाल झेंडा वर आला. सगळं थांबलं. मामा चालत पंचांकडे आले आणि सर्वांसमोर म्हणाले, "ही गोळी हळू न्हाई. एवढ्या वाऱ्यात हळू गोळी मधी जातच न्हाई. पोरीचा डबा तपासा." मागून कुणीतरी म्हणालं, "सख्खा मामा हाय का कोण, बे?" पंचांनी डब्यावरचं लेबल वाचलं, तर मामा म्हणाले, "लेबल वाचून काय व्हतंय?" शेवटी ठरलं, की डब्यातल्या उरलेल्या दोन गोळ्या मी एकटीने माराव्यात आणि मामांसोबत एका पंचाने बटात बसून ऐकावं. गोळी वेगवान असेल तर बटात आधी कागदावर टप्प ऐकू येतं, मग बंदुकीचा आवाज. हळू असेल तर उलट. त्या दोन गोळ्या कुठे गेल्या मला माहीत नाही. पण खंदकातून पांढरा झेंडा वर आला आणि मामांचा आवाज, "आधी आवाज, मग गोळी. हळूच हाय!"

परत येताना मोटारसायकलवर त्यांनी मान न वळवता विचारलं, "कावून गेली मधी?" मी म्हणाले, "बाजूला धरून मारली." ते म्हणाले, "मी तसं शिकिवलं न्हाई." एवढंच.

मला काम मिळालं, पदवी मिळाली, पुढे नोकरीही. पण एक संशय मनात राहिला. मामांना त्या दिवशी खरोखरच वाटलं होतं का, की मी डबा बदलला? की सकाळी टोमणा मारणाऱ्या त्या गृहस्थांचं तोंड बंद व्हावं म्हणून त्यांनी स्वतःच आधी बोट दाखवलं? नंतर माझ्या निकालाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, हे खरं. पण मामा तसा विचार करून वागले असतील, यावरही माझा पुरता विश्वास बसत नाही. मी कधी विचारलं नाही. त्यांनी उलट विचारलं असतं, "कावून इचारती?"

दहाव्याला गेले तेव्हा त्यांच्या खोलीत खुंटी रिकामी होती. रायफल आणि गोळ्या नियमाप्रमाणे पोलीस ठाण्यात जमा झाल्या होत्या. मामीने कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला माझा त्या स्पर्धेतला निशाणाचा कागद चिकटवलेला, कडा पिवळ्या पडलेल्या, शेजारी दोरीला बांधलेलं भिंग. "रोज चहा झाला की ह्याच्यापुढं उभे," मामी म्हणाली. "एकदा मी इचारलं, अवो, पोरीला मानलं का न्हाई तुमी अजून? तर म्हणले, मानलंय. लई आधीच मानलंय. पन बघतो."

मी भिंग हातात घेतलं आणि शेवटच्या गोळीचं भोक बघितलं. मधोमध होतं. तरी पुन्हा एकदा बघितलं.